मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा



सायकलचा टायर झिजला म्हणजे आतली ट्यूब तेथून फुगा काढते. मेंदूच्या धमनीची भिंत कमकुवत झाली म्हणजे तसेच घडते. या फुग्यास डॉक्टर ‘अॅन्युरिझम’ म्हणतात. शंभर प्रौढांत सुमारे तिघांना तो असतो. बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. फुटला तर मात्र आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकाएकी सुरू होते, उलट्या होतात, मान ताठरते, शुद्धही हरपते. काहींना आधीच सूचना मिळते: एक पापणी खाली येते, त्या डोळ्याची बाहुली मोठी होते. पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत अधिक. म्हणून बाम चोळत सकाळची वाट पाहू नका. मोठे रुग्णालय गाठा.

पहिल्या सहा तासांतील सीटी स्कॅनमध्ये सांडलेले रक्त बहुधा दिसतेच. शंका उरल्यास पाठीच्या कण्यातील पाणी तपासतात. फुग्याची जागा अँजिओग्राफीने कळते. ती १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनीझ यांनी प्रथम केली.

१९३७ साली बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेला चांदीचा चिमटा लावला. रक्तवाहिनी शाबूत राहिली, फुगा बंद झाला. १९९० पासून मांडीतील धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरता येऊ लागली.

परंतु काही फुगे विरळ आणि बिकट असतात. काही २५ मिलिमीटरहून मोठे, तर काही मेंदूच्या मागील बाजूस, नाजूक नसांच्या गर्दीत. कित्येकदा तेथे साधा चिमटा बसत नाही. अशा वेळी कवटीबाहेरची धमनी आतील धमनीस जोडून रक्ताला नवी वाट देतात आणि मग फुग्याकडची वाट बंद करतात. ही जोडणी १९६७ साली झुरिच येथे प्रा. गाझी याशारगिल यांनी केली. तुर्कस्तानात जन्मलेल्या या सर्जनने त्याआधी अमेरिकेतील प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाके घालण्याचा सराव केला होता.

विद्यार्थी मित्रांनो, हे कौशल्य अभ्यासाने येते. पालकहो, रक्तदाब तपासून घ्या, विडी-सिगारेट सोडा. घरातील दोघा सख्ख्या नातलगांना हा विकार झाला असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगा.