कारभार पाहणारा मित्र



आज या संमेलनात बक्षिसं मिळवलेल्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. मला मात्र बोलायचं आहे ते व्यासपीठावर न दिसणाऱ्या माणसाबद्दल. पुढे उभ्या राहणाऱ्याची उंची त्याच्यामुळे टिकते, आणि त्याचं ऋण नाव घेऊन सांगणं हे पुढच्याचं कर्तव्यच असतं. एक उदाहरण पाहा. सप्टेंबर 1933. हिटलर सत्तेवर येऊन काही महिनेच झाले होते. जर्मनीतल्या सुमारे 5 लाख ज्यूंसाठी एक प्रातिनिधिक संस्था उभी राहिली. अध्यक्ष झाले बर्लिनचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, लिओ बेक. कारभार पाहिला ऑटो हिर्श यांनी. हिर्श धर्मगुरू नव्हते. ते श्टुटगार्टचे कायदेपंडित, नेकार नदीच्या कालव्याचं काम सांभाळलेले अधिकारी. शाळा, मदतनिधी, तरुणांचं व्यवसायशिक्षण, देश सोडणाऱ्यांची कागदपत्रं, हा सारा किचकट व्याप त्यांनी अंगावर घेतला.

कोणी म्हणेल, धर्मगुरू आणि कारभारी यांची एवढी जवळीक बरी नव्हे. एकाने दुसऱ्याला जाब विचारायला हवा. आक्षेप रास्त आहे. पण 1935 मध्ये काय घडलं ते पाहा. ज्यूंच्या बदनामीचा धिक्कार करणारी एक प्रार्थना बेक यांनी ज्यू धर्मातल्या प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी लिहिली. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती वाचायला बंदी केली, बेक यांना अटक झाली आणि हिर्श यांनाही. शब्द एकाचे, तुरुंग दोघांना. ज्याला त्या शब्दांची किंमत स्वतः मोजायची आहे, तो ते डोळे मिटून मान्य करत नाही.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे: एवढं करून वाचलं कोण? ऑक्टोबर 1941 मध्ये देश सोडायलाच बंदी आली, तोवर निम्म्याहून अधिक ज्यू जर्मनीबाहेर पडले होते. श्रेय एकट्या संस्थेचं नाही. पण जाणाऱ्या प्रत्येकाला कागद लागत होते, आणि ते मिळवून देण्यासाठी कोणीतरी झिजत होतं. वाटाघाटींसाठी परदेशी गेलेले हिर्श तिथेच राहू शकले असते. ते परतले. जून 1941 मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. बेक तेरेझिनच्या छावणीतून जिवंत सुटले. पुढे 1956 मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, आपल्याच नावाच्या संस्थेच्या पहिल्या वार्षिकात त्यांनी हिर्श आणि आणखी एक दिवंगत सहकारी युलिउस झेलिगझोन यांच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी बेक वारले.

मित्रांनो, बेक यांच्यासारखंच तुम्हीही या संमेलनाचा अहवाल लिहाल तेव्हा मांडव, हिशेब आणि परवानग्या सांभाळणाऱ्यांची नावं पूर्ण लिहा, आणि ती पहिल्या पानावर घ्या.