विजयाची बाटली घेण्याआधी

आज आम्ही अशा औषधाबद्दल बोलणार आहोत, ज्याचं नाव घरात मोठ्यानं घ्यायला आपण कचरतो. आयुर्वेदात त्याला विजया म्हणतात, सणासुदीला भांग म्हणतात आणि पोलिसांच्या कागदावर त्याचं दुसरंच नाव असतं.

आमचा गट आहे घरी लांबलेलं दुखणं सांभाळणाऱ्या बायकांचा. कुणाच्या सासूबाईंना संधिवात, कुणाच्या नवऱ्याला कॅन्सर, कुणाच्या मुलाला फिट्स, तर कुणी स्वतःच रात्र-रात्र कंबर धरून बसणारी. औषधांच्या वेळा, अंथरुणावरच्या जखमा, डबे, पैसे, सगळं आम्ही एकमेकींना विचारत असतो. गेल्या काही दिवसांत एक विषय वरचेवर निघू लागला. मोबाइलवर जाहिरात दिसते: ‘वेदना, झोप, चिंता यांवर विजया. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला.’ गटातल्या आणि ओळखीतल्या काही जणींनी तो सल्ला घेतला. त्यांचे अनुभव ऐकले आणि वाटलं, हे चार भिंतींत ठेवण्यापेक्षा रेडिओवर बोललेलं बरं.

आधी झाड समजून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. झाड एकच, पण त्याचे भाग वेगवेगळे. बी म्हणजे नुसतं खाद्य. कुमाऊँकडे भांगेच्या बियांची चटणी करतात, आणि २०२१ पासून आपल्या देशाच्या अन्न प्राधिकरणानंही हे बी आणि त्याचं तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं आहे. पान म्हणजे भांग. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. आणि राळ म्हणजे चरस. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं गांजा आणि चरस यांवर बंदी आणली. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या. पानांचा कारभार राज्यांकडे राहिला, आणि आपल्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांगेचा व्यवहार चालत नाही.

मग ही बाटली घरपोच कशी येते? तर पानापासून काढलेल्या अर्काला आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना मिळतो. आयुर्वेदात भांग आजची नाही. ग्रहणीवर दिलं जाणारं जातीफलादी चूर्ण तुमच्यापैकी काहींनी घेतलंही असेल, त्यात भांग असते. मात्र औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, बचनाग आणि धोतऱ्याच्या पंगतीला. म्हणून अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा इंग्रजीत आणि हिंदीत छापावाच लागतो. म्हणजे हे औषध कायदेशीर असू शकतं, पण ते ओव्याच्या अर्कासारखं मनाला येईल तसं घ्यायचं नाही.

आता अनुभव. नावं आम्ही कुणाचीच घेणार नाही, माणसांचीही नाही आणि दवाखान्यांचीही नाही.

एका ताईंना पंधरा वर्षांचा संधिवात. सकाळी बोटं उघडत नाहीत, रात्री कुशीवर वळता येत नाही. त्यांनी फोनवर फॉर्म भरला, दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर वैद्य बोलले. चांगला अर्धा तास बोलले. आधीचे रिपोर्ट मागवले, चालू गोळ्यांची यादी घेतली, संधिवाताच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. रात्री एक थेंब जिभेखाली, तीन दिवसांनी दोन थेंब, आणि रोज वहीत लिहायचं. ताई सांगतात, ‘दुखणं गेलं नाही, पण मला झोप लागली. आणि झोप लागली की दुसऱ्या दिवशी दुखणं सोसवतं.’ ज्या बाईला कितीतरी दिवसांनी सलग पाच तास झोप मिळाली, तिला ‘हे सगळं मनाचे खेळ’ म्हणायचा अधिकार आम्हाला नाही.

दुसरा अनुभव एका सुनेनं सांगितला. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनी बेजार. इथे बोलणं आटोपलं पाच-सात मिनिटांत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे कुणी विचारलंच नाही, आणि ती चालू होती. बाटली आली. दोन दिवसांत फरक दिसेना म्हणून सासूबाईंनी आपल्याच मनानं थेंब वाढवले. रात्री लघवीला उठल्या आणि चक्कर येऊन मोरीत पडल्या. हाड मोडलं नाही, हे नशीब. तोंड कोरडं पडणं, चक्कर, छातीत धडधड, नको इतकी भूक, कधी जीव घाबरा होणं, हे या औषधाचे माहीत असलेले परिणाम आहेत. म्हाताऱ्या माणसाला त्यातली एकटी चक्करही महागात पडते.

तिसरा अनुभव सांगताना आम्हा सगळ्यांचाच आवाज खाली जातो. एका बाईंना तोंडाचा कॅन्सर होता. दुखणं असं की पाणी गिळता येईना. घरच्यांनी महिन्याला तीन-तीन हजार घालून हे तेल आणलं. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलं नाही, ते रागावतील म्हणून. आणि त्या डॉक्टरांनीही, दुखतं किती, हे नीट विचारलं नाही. तेलानं जेमतेम डुलकी लागायची. अखेर शेजारणीच्या सांगण्यावरून वेदनाशमनाच्या दवाखान्यात नेलं. तिथे मॉर्फीन सुरू झालं आणि दोन दिवसांत बाई भाताची पेज गिळू लागल्या. त्यांची मुलगी आम्हाला म्हणाली, ‘आई गेली त्याचं दुःख आहेच. पण आधीचे चार महिने तिनं उगाच सोसले, ते मनातून जात नाही.’

या तीन घरांमधला फरक नीट पाहा. औषध एकाच जातीचं होतं. फरक होता तो विचारपूस किती झाली याचा, आणि त्या दुखण्याला तेच औषध योग्य होतं का याचा.

शास्त्र काय सांगतं, तेही थोडक्यात सांगतो. या झाडात दोन मुख्य द्रव्यं आहेत. टीएचसी, ज्यानं अंमल चढतो, आणि सीबीडी, ज्यानं तसा चढत नाही. सीबीडीचा चांगला पुरावा आहे तो लहान मुलांमधल्या फिट्सच्या काही दुर्मिळ आजारांत, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या नावांच्या. २०१८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली. केमोथेरपीच्या उलट्यांवर आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणावरही या जातीची औषधं काही देशांत देतात. मात्र जुनाट दुखण्याबाबत जाणकार सावध आहेत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं की, दुखण्यासाठी ही औषधं सरसकट सुचवावीत इतका पुरावा अजून हातात नाही. याचा अर्थ कुणालाच गुण येत नाही, असा नाही. पण ‘हमखास गुण’ असं कुणी सांगत असेल, तर तिथून उठावं.

परदेशाचं उदाहरण पुष्कळजण देतात, ‘लंडनमध्ये तर डॉक्टरच लिहून देतात.’ खरं आहे. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून ते कायदेशीर झालं. फिट्स येणाऱ्या मुलांच्या आयांनी त्यासाठी सरकारचे उंबरे झिजवले. पण तिथेही सुरुवात विशेषज्ञ डॉक्टरनंच करायची असते, आणि ओढायला तर मुळीच परवानगी नाही. सरकारी आरोग्यसेवेतून ते फार थोड्यांना मिळतं. बाकीचे खाजगी दवाखान्यांत दर महिन्याला पैसे मोजतात. म्हणजे पैशांचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: मुलानं लंडनहून किंवा कॅनडाहून प्रेमानं असं तेल आणलं, तर तिथली चिठ्ठी इथल्या विमानतळावर कामाची नाही. तसंच इथली विजयाची बाटली घेऊन आखाती देशात लेकीच्या बाळंतपणाला जाऊ नका. तिकडचे कायदे फार कडक आहेत.

काहीजण म्हणतात, एवढा खर्च कशाला, कुणाकडून तरी गांजा आणून घरीच तेल काढू. बायांनो, असं करू नका. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्यानं ‘अल्प प्रमाण’ असला, तरी त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि त्या तेलात काय किती उतरलं, हे कोण मोजणार?

मग आपण काय करायचं? आमच्या गटानं अनुभवांवरून काही प्रश्न काढले आहेत. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न सल्ला देणाऱ्याला. तुमचा नोंदणी क्रमांक काय? खरा वैद्य किंवा डॉक्टर तो सांगायला लाजत नाही, चिठ्ठीवर तो छापलेलाच असतो.

दुसरा, माझ्या चालू गोळ्यांशी हे जमेल का? रक्त पातळ करायच्या, फिट्सच्या आणि झोपेच्या गोळ्यांची नावं आपणहून सांगा. कुणी विचारायची वाट पाहू नका.

तिसरा, मला हे चालेल का? गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, हृदयविकार असलेलं माणूस, आणि ज्याला स्वतःला किंवा घरात कुणाला गंभीर मानसिक आजार झालेला आहे असं माणूस, यांना यातून धोका संभवतो. ते आधीच सांगा.

चौथा प्रश्न बाटलीला. तिच्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, मुदत, घटक आणि तो देखरेखीचा इशारा आहे का? टीएचसी किती, सीबीडी किती, लिहिलंय का? नुसतं ‘हेम्प सीड ऑइल’ लिहिलं असेल तर ते बियांचं खाद्यतेल आहे. ते औषधाच्या भावानं विकणारेही भेटतात.

पाचवा, कधी थांबायचं? समजा महिनाभर घेतलं आणि वहीत दुखणं, झोप, चालणं यांत फरक दिसला नाही, तर पुढची बाटली का घ्यायची? हे आधीच ठरवा. आणि औषध घेऊन स्कूटर चालवायची नाही, विळी-गॅसपाशीही जपून. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

सहावा प्रश्न आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपाशी. त्यांना सांगाच. ते रागावले तर म्हणा, ‘रागवा, पण दुखण्यावर दुसरं काय देता ते सांगा.’

या शेवटच्या वाक्यासाठीच आज आम्ही एवढं बोललो. बायका या जाहिरातींकडे जातात त्या हौसेनं नाही. दवाखान्यात दुखण्याला कुणी दाद देत नाही, म्हणून जातात. ‘वय झालं’, ‘पाळी जायची वेळ आहे’, ‘सवय करून घ्या’, ही उत्तरं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. व्हिडिओवरचा अनोळखी माणूस अर्धा तास ऐकून घेतो, त्याचंच अर्ध्याहून अधिक बरं वाटतं.

कॅन्सरच्या दुखण्याला मॉर्फीनची गोळी आहे, आणि ती काही फार महाग नसते. १९८५ च्या कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे ती दवाखान्यांतून जवळपास गायबच झाली होती. त्यासाठी झगडलेल्या डॉक्टरांत केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये वेदनाशमनाचा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देतं. तुमच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा: ‘इथे पॅलिएटिव्ह केअर आहे का? मॉर्फीन मिळतं का?’ नाही म्हणाले, तर का नाही, हेही विचारा. एकटीनं विचारायला जड जात असेल तर चौघी मिळून जा.

आणि घरातल्या माणसांना एक विनंती. एखाद्या बाईनं वैद्याच्या सल्ल्यानं हे औषध सुरू केलं असेल, तर तिला ‘गांजेकस’ म्हणून टोमणे मारू नका. आमच्या ओळखीच्या एकजणी ती बाटली तांदळाच्या डब्यात लपवून ठेवतात. लपवलेल्या औषधाचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि काही बिनसलं तर डॉक्टरांना सांगायलाही कुणी नसतं. बाटली उघड्यावर ठेवता आली, तर बाई सुखरूप राहील.

तुमचे अनुभव आम्हाला रेडिओ केंद्रावर कळवा, चांगले आणि वाईटही. दुखणं किती आहे ते आजच वहीत शून्य ते दहा असं लिहायला सुरुवात करा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.