बी. नरसिंगराव : गढी आणि पडदा



आमच्या घरी मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी निघत त्या मराठवाड्याच्या. त्याच निजामी राजवटीत शेजारच्या तेलंगणात शेतकरी देशमुखांविरुद्ध उठले होते, हे मला येथे हैदराबादेत एका तेलुगू चित्रपटाने दाखविले. तो ‘मा भूमी’ (१९७९). कृशन चंदर यांच्या कादंबरीवरून गौतम घोष यांनी तो दिग्दर्शित केला, निर्माते बी. नरसिंगराव. माझे तेलुगू बाजारहाटापुरते. पण ‘वेट्टी’ हा शब्द कानी पडताच आजीच्या तोंडची ‘वेठ’ आठवली.

नरसिंगराव चित्रकार, संगीतकार आणि चळवळीतले कार्यकर्ते. त्यांच्याच कलामंडळातून गद्दर पुढे आले. २०२३ साली ते निवर्तले, तेव्हा अनेकांना ‘मा भूमी’तला घोंगडी पांघरून गाणारा शाहीर आठवला असेल.

मला मात्र नरसिंगरावांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘दासी’ (१९८८) अधिक मोलाचा वाटतो. त्याला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते असो. १९२० च्या दशकातल्या गढीत दासी म्हणून राबणारी कमलाक्षी मालकापासून गरोदर राहते, आणि तिला गर्भ पाडावयास लावतात. आरडाओरड नाही, गढीचे दैनंदिन काम चालूच राहते.

माझे आजोळही एक गढीच. तिच्या चौसोपी वैभवाचे वर्णन मी याच शाळेतल्या मित्रांना कितीदा ऐकविले असेल! ‘दासी’ पाहून आलो त्या रात्री आजीला विचारले, तेथे पाणी कोण भरीत असे? त्या बायकांची नावे काय?

आजीला एकच नाव आठवले, आणि तेही अर्धे.