जुनी नौका घेताना



शिडाच्या नौकेलाच घर करून वर्षानुवर्षे समुद्रावर हिंडणारी माणसे जगात आहेत. त्यांतील पुष्कळांचे हे घर जुनेच असते, कारण नवे परवडत नाही. मग जुन्यात पाहायचे काय?

1892 साली अमेरिकेत जोशुआ स्लोकम या कप्तानाला एका ओळखीच्याने एक गलबत फुकट देऊ केले. फेअरहेवन गावी जाऊन पाहतो, तो ते शेतात टेकू लावून उभे केलेले! तेरा महिने खपून त्याने कणा, फासळ्या, फळ्या सारे नवे घातले. खर्च आला 553 डॉलर 62 सेंट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणावे, तर इथे कोंबडी फुकटचीच होती. जुन्याचे उरले काय, तर घाट. पण तोच मोलाचा ठरला. 1895 ते 1898 या काळात याच ‘स्प्रे’तून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकट्याने ती करणारा तो पहिला माणूस. सुकाणू बांधून ठेवले तरी ‘स्प्रे’ आपला मार्ग सोडीत नसे. थर्सडे बेटापासून कोकोस बेटांपर्यंत 23 दिवसांत आपण तीन तासही सुकाणू धरले नाही, असे तो सांगतो. एकट्यादुकट्याने राहणाऱ्याला अशी नौका म्हणजे झोपेची सोयच!

दुसरी नौका आपल्या मुंबईची. ‘सुहेली’ कुलाब्याला सागवानात बांधली गेली आणि 1964 साली पाण्यात उतरली. लांबी जेमतेम 32 फूट, घाट मात्र नॉर्वेच्या जुन्या बचावनौकांचा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968 साली तिच्यातून निघाला आणि कुठेही न थांबता 312 दिवसांनी परतला. वाटेत अटलांटिकमध्ये कण्यालगतच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. त्याने बुडी मारली, फटीत कापूस ठासला, वर तांब्याची पट्टी ठोकली. सांध्यापर्यंत हात पोहोचत होता, म्हणून हे जमले.

आज विक्रीला येणाऱ्या जुन्या नौका बहुधा 1960 नंतरच्या, फायबरग्लासच्या असतात. त्यांचे बाहेरचे कवच सहसा कुजत नाही. कुजते ते डेकच्या दोन थरांमध्ये घातलेले हलके लाकूड. बोल्टाच्या भोकातून पाणी आत झिरपते, आणि वरून रंग झकास दिसतो! हातोडीच्या दांड्याने डेक वाजवून पाहावी. टणक आवाज गेला आणि बद्द आला, की समजावे. डोलकाठीच्या तारा चकचकीत दिसल्या तरी त्यांचे वय विचारावे. तारा जिथे नौकेला जखडतात ते पोलादी पट्टे शोभेच्या फळ्यांमागे दडवलेले असतील, तर फळ्या काढायला लावाव्यात. मऊ गाद्या आणि ऐसपैस स्वयंपाकघर यांना मी शेवटचे गुण देईन. ते पुढे हौसेने करता येते, घाट मात्र बदलता येत नाही.

व्यवहारापूर्वी नौका पाण्याबाहेर काढून जाणत्या तपासनिसाला दाखवावी, आणि वारा असेल त्या दिवशी मालकाबरोबर समुद्रावर न्यावी. तो कां कू करू लागला, तर पैसे खिशातच ठेवावेत.