पसारा आपला, हात त्यांचे

रात्री साडेनऊनंतर एखाद्या कापडदुकानात कधी डोकावून पाहिलं आहे का? गिऱ्हाईक संपलेलं असतं. शटर निम्मं खाली आलेलं असतं. शेठ गल्ल्यावर नोटा मोजत असतात आणि पांढऱ्या गादीवर साड्यांचा डोंगर पडलेला असतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी दोन-तीन माणसं मांडी घालून मुकाट्यानं घड्या घालत बसलेली असतात. त्या माणसांतला एक मी होतो.

साल १९८९. मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडील यंत्रमागावर कामाला. सकाळी कॉलेज आणि दुपारी बारापासून दुकान असा माझा दिवस असे. पगार महिना साडेतीनशे रुपये. कविता तेव्हाही लिहीत होतो, पण त्या काळात माझ्या हातून सर्वांत जास्त काय झालं असेल, तर साड्यांच्या घड्या!

साडी उघडायला एक झटका पुरतो. घडी घालायला मात्र मूळ घडीची रेघ शोधावी लागते, काठाला काठ जुळवावा लागतो, पदर वर येईल असा ठेवावा लागतो. नऊवारी असेल तर दोघं लागतात. घडी जरा बिघडली की साडी जुनी दिसते. मग दुसऱ्या दिवशीचं गिऱ्हाईक नाक मुरडतं, ‘ही कुणीतरी परत केलेली दिसते.’ एखादी बाई चाळीस साड्या उघडायला लावायची आणि पदर सावरत म्हणायची, ‘बघू, उद्या येते.’ ती उद्या कधीच यायची नाही. आम्ही हसून ‘या हं ताई’ म्हणायचो आणि घड्या घालायला बसायचो.

आमच्या दुकानात एक थोरले सेल्समन होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी एकदा कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले, ‘घडी मोडायची ती गिऱ्हाइकानं आणि घालायची आपण. त्याचाच पगार आहे. राग कशाचा धरतोस? पण मोडताना त्यानं एकदा आपल्या तोंडाकडं बघितलं पाहिजे. तेवढंच.’ त्या वयात मला या बोलण्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी लग्नसराईत एक कुटुंब बस्ता बांधायला आलं. लहानमोठी मिळून पंधरा माणसं. बस्त्याचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानाला सण! हॉटेलातून चहा मागवला गेला. मी कप वाटले. एक चार वर्षांचं लेकरू साड्यांच्या ढिगावरून कोलांट्या मारत होतं. त्याचा पाय लागला आणि भरलेला कप एका रेशमी साडीवर उलटला. क्षणभर सगळे गप्प झाले. मग घरातले वडीलधारे म्हणाले, ‘लेकरू आहे.’ शेठही हसून म्हणाले, ‘असू द्या, असू द्या.’ बस्ता बांधला गेला, नारळ दिला गेला. जाताना ते लेकरू माझ्याकडं बघून हात हलवत होतं. मीही हलवला.

रात्री शेठनी वही काढली आणि साडीचे सहाशे वीस रुपये माझ्या नावावर लिहिले. कारण कप मी ठेवला होता. दरमहा पन्नास रुपये कापायचे ठरले. साडी मात्र मला दिली. अम्मीनं ती पुढच्या ईदला नेसली. चहाचा डाग तिनं निऱ्यांत असा काही दडवला की शेजारणी साडीचं कौतुक करत राहिल्या. तोवर निम्मे पैसे कापायचे बाकीच होते.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण नोकराच्या पगारातून काय कापता येतं आणि काय नाही, याचा कायदा या देशात १९३६ सालापासून होता. माल नोकराच्या ताब्यात दिलेला हवा, नुकसान त्याच्याच निष्काळजीपणानं झालेलं हवं, आणि पैसे कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, असं तो कायदा सांगत होता. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये वेतन संहिता लागू झाली. तिच्यातही हेच तत्त्व आहे. गिऱ्हाइकाच्या लेकरानं सांडलेला चहा नोकराच्या पगारातून पुसता येत नाही. दुकानांत काम करणाऱ्या मुलामुलींनी एवढं तरी लक्षात ठेवावं, म्हणून हे सांगतो आहे.

आता काळ बदलला. एके काळी माल फळीच्या पलीकडं असायचा आणि गिऱ्हाईक अलीकडं. ‘दोन किलो साखर द्या’ म्हटलं की दुकानदार तोलून द्यायचा. अमेरिकेतही असंच होतं. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसानं ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला सरळ आत सोडलं. टोपली घ्या, हवं ते उचला, शेवटी पैसे द्या. नोकर कमी लागले, माल स्वस्त झाला, विक्री वाढली. ती पद्धत जगभर गेली. आपल्याकडं मुंबईत १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ उघडलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मॉल आणि मोठमोठी दुकानं जिल्ह्याच्या गावापर्यंत येऊन पोचली.

सोय झाली, यात शंका नाही. पण एक गोष्ट निसटली. पूर्वी पसारा समोरासमोर व्हायचा. चाळीस साड्या मोडणारी बाई निदान माझ्यासमोर बसलेली असायची. आता आपण एकटेच रांगांमधून फिरतो, उचलतो, हाताळतो, नको असेल तर कुठंही ठेवतो आणि पुढं जातो. आवरणारं माणूस आपल्यामागून येतं. आपण त्याला पाहत नाही आणि तेही आपल्याला पाहत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पुण्यात अशाच एका मोठ्या दुकानात कामाला आहे. सुट्टीला आली की मामूशी गप्पा मारत बसते. तिच्याकडून मी बरंच शिकलो. अंडं फुटलं तर फडकं मारायचं नाही, ते पसरतं. वर मीठ टाकायचं, थोडं थांबायचं आणि पुठ्ठ्यानं उचलायचं. तेल सांडलं तर पाणी ओतायचं नाही. आधी लाकडाचा भुसा किंवा पीठ टाकून तेल शोषून घ्यायचं, मगच साबण. बरणी फुटली तर मोठे तुकडे झाडूनं भरायचे आणि बारीक कचा ओल्या वर्तमानपत्रानं टिपायच्या, हातानं कधीच नाही.

‘पण पहिलं काम पुसायचं नसतंच मामू,’ ती म्हणाली. ‘पहिलं काम तिथं उभं राहायचं. कुणी घसरू नये म्हणून. पिवळी पाटी येईपर्यंत आम्हीच पाटी!’ आणि तिथं उभं असतानाही माणसं ट्रॉली तशीच दामटतात, तिच्या पायावरून.

आइस्क्रीम चपलांच्या फळीत ठेवलेलं सापडतं. कपडे घालून बघायच्या खोलीत दहा-दहा शर्ट जमिनीवर पडलेले असतात, त्यांवर बुटांचे ठसे. बिस्किटांचा पुडा फोडून निम्मा खाल्लेला आणि उरलेला नीट मागं सरकवलेला. लहान बाळाचं भरलेलं लंगोट एकदा तिला डाळींच्या पाकिटांमागं सापडलं होतं. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. मग हसायची थांबली.

एका रविवारी कुणाच्या तरी हातून तेलाची पिशवी फुटली. त्यानं ती तशीच फळीवर ठेवली आणि तो निघून गेला. तेल थेंबथेंब खाली येत राहिलं. पंधरा-वीस मिनिटांनी एक आजी तिथं घसरल्या. मनगट मोडलं. तो विभाग माझ्या भाचीकडं होता, म्हणून सगळ्यांसमोर बोलणी तिला बसली. ती म्हणाली, ‘सांडल्याचं काही वाटत नाही मामू. माणूस आहे, हातातून सटकतं. पण न सांगता जातात ना, तिथं घात होतो. त्यानं नुसतं ‘इथं तेल सांडलंय’ म्हटलं असतं, तर आजी पडल्या नसत्या.’

मी मान डोलावली आणि एकदम ओशाळलो. कारण मागच्याच महिन्यात मी एका दुकानात पनीरचं पाकीट उचललं होतं. पैसे द्यायच्या रांगेत उभं राहिल्यावर वाटलं, नको. परत फ्रिजपर्यंत कोण जाणार? मी ते शेजारच्या चॉकलेटांमागं ठेवलं होतं. भाचीला विचारलं, अशा पाकिटाचं काय करता? ती म्हणाली, ‘फेकतो. किती वेळ बाहेर होतं ते कळत नाही ना.’ ते पाकीट मी ठेवलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. आज इथं सांगतो आहे. घड्या घालून ज्याची बोटं दुखली, तोसुद्धा फळीच्या अलीकडं आला की असा वागतो. सवय फार लवकर लागते.

‘त्याचाच तर पगार मिळतो त्यांना,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. अण्णाही तेच म्हणायचे. पण पगार आवरण्याचा मिळतो. आपण लपवलेलं हुडकण्याचा आणि आपल्या चुकीची बोलणी खाण्याचा नाही. शिवाय त्या पगारात दिवसभर उभं राहणंही आलं. दुकानातल्या नोकरांना बसण्याची सोय असावी, एवढ्या साध्या गोष्टीसाठी केरळात तिथल्या विक्रेत्या बायकांना लढावं लागलं. तेव्हा कुठं २०१८ साली तिथला कायदा बदलला. २०२१ साली तामिळनाडूनंही तशी तरतूद केली. ज्यांना खुर्चीसुद्धा भांडून मिळते, त्यांच्यासमोर आपण वाकून एक पाकीट जागेवर ठेवलं तर आपलं काय बिघडणार आहे?

फार काही करायचं नाही. वस्तू नको असेल तर जागेवर ठेवा, नाही तर पैसे घेणाऱ्या मुलीच्या हातात द्या. आपलं लेकरू फळ्यांवर चढत असेल तर त्याला उतरवा. आणि हातून काही सांडलं, फुटलं, तर तिथून निघून जाऊ नका. जवळ जे कुणी असेल त्याला हाक मारा, ‘ताई, इथं तेल सांडलंय, माझ्याच हातून.’ ती येईपर्यंत तिथंच उभे राहा. ती आली की एकदा तिच्या तोंडाकडं बघा.

अम्मी आता नाही. ती साडी आमच्या पेटीत आहे. डाग काही गेलेला नाही. दर वर्षी ऊन दाखवायला ती बाहेर काढतो आणि परत ठेवताना घडी मीच घालतो. काठाला काठ आणि पदर वर.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)