घरपोच किराणा की बाजारातला?

बचत गटाची सहयोगिनी बोलतेय. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आता तालुक्याचे दुकानदारही फोनवर यादी घेऊन सामान दारात आणून देतात. काही ठिकाणी मोबाईलच्या अ‍ॅपवरूनही किराणा येतो. मग बैठकीत प्रश्न निघतो, ताई, स्वस्त काय पडतं?

समजा, तुमचं सामान 430 रुपयांचं झालं. पोचवायचे 40 रुपये. पण 499 चं घेतलं तर पोचवणं फुकट. मग आपण 69 रुपयांची बिस्किटं, नूडल्स वाढवतो. 40 वाचले म्हणून खूश! पण 470 मध्ये भागत होतं, तिथं 499 गेले. महिन्यात चारदा असं झालं की 116 रुपये जास्तीचे. कितीतरी गटांत महिन्याची बचतच 100 रुपये असते, बरं का.

बाजारातही पैसा गळतोच. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट, तरी जाऊन-येऊन लागतातच. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते ती तर कुणी धरतच नाही. का धरायची नाही? लेकरू सोबत असलं की भेळ आली. पण भाजी हातानं निवडता येते, दिवस कलला की भाव उतरतो, आणि पाकिटातली रोकड संपली की खरेदी आपोआप थांबते. फोनवरून पैसे देताना पाकीट हलकं झालेलं कळत नाही.

वजनही बघा. 1 लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, 1 किलो नव्हे. पुड्यावर बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो ताडून बघा. न मागितलेली वस्तू अ‍ॅपनं यादीत परस्पर घालायला सरकारनं 2023 मध्ये मनाई केलीय. तसं झालं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

मला विचाराल तर तेल, साखर, डाळ पाच घरांनी मिळून एकदाच मागवा. 40 रुपयांचे पाच वाटे, घरटी 8 रुपये. भाजी मात्र बाजारातूनच.

पुढच्या बैठकीला महिन्याच्या सगळ्या पावत्या घेऊन या. बाजाराच्या पावतीमागं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी लिहून आणा. बेरीज तिथं बसून करू.