रॅकची वीज : रिकाम्या ठेवलेल्या क्षमतेचा हिशेब

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग हाती घेतला, त्यात मातीतील ओलावा, हवामान आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून पाण्याचा व खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो; परंतु त्यामागची गणना दूरच्या डेटा सेंटरमध्ये, रॅकमध्ये म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवलेल्या माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटांत होते. या कपाटाला वीज किती लागते, याची कल्पना बारामती-इंदापूरच्या बागायतदाराला डीपीवरून, म्हणजेच शिवारातल्या रोहित्रावरून चांगली येईल. 32 अँपिअरच्या थ्री-फेज जोडणीची क्षमता सुमारे 22 केव्हीए असते, त्यामुळे अशा तीन जोडण्या पूर्ण भाराने चालल्या तर 63 केव्हीएची एक डीपी अपुरी पडते. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आज बनणारे काही रॅक तर एकेकटे सुमारे 120 किलोवॉट, म्हणजे तसल्या दोन डीपींएवढी वीज घेतात.

नियोजनात पहिली चूक होते ती पाटीवरचे आकडे बेरजेला धरण्याची. सर्व्हरवर लिहिलेले वॉट ही त्याच्या वीजपुरवठा संचाची कमाल क्षमता असते, प्रत्यक्ष वापर बहुधा त्याहून बराच कमी असतो, म्हणून नेहमीच्या व सर्वाधिक कामाच्या वेळी मोजलेला प्रवाहच हिशेबाला धरणे योग्य ठरते.

याहून महत्त्वाचा प्रश्न दुहेरी पुरवठ्याचा आहे. महत्त्वाच्या सर्व्हरला दोन स्वतंत्र वाटांनी वीज दिली जाते आणि सर्व ठीक असताना भार दोन्हींवर वाटला जातो. मात्र एक वाट बंद पडताच तो सगळा क्षणार्धात दुसरीवर येतो. सिंगल-फेज 32 अँपिअरच्या वाटेवर सतत चालणारा भार प्रचलित दंडकाप्रमाणे 80 टक्क्यांत, म्हणजे 25.6 अँपिअरच्या आत ठेवायचा, तर एरवी प्रत्येक वाटेवर 12.8 अँपिअरच असले पाहिजेत. मीटरवर निम्म्याहून कमी भार दिसतो म्हणून आणखी चार सर्व्हर बसवणारा व्यवस्थापक क्षमता वाचवत नाही, दुसऱ्या वाटेचा अर्थच काढून घेतो. ज्या डीपीवर मंजुरीपलीकडच्या मोटारी चढतात, ती ऐन पाणीपाळीत जळते, याचे कारण हेच आहे. भार आर, वाय आणि बी या तिन्ही फेजवर सारखा वाटणेही तितकेच आवश्यक आहे, कारण एकूण बेरीज मर्यादेत असूनही एकट्या फेजचा ब्रेकर पडू शकतो.

दोन वाटा एकाच रोहित्रावरून घेतल्या, तर त्या दोन राहत नाहीत. या परिसरातील साखर कारखान्यांना वजनकाटा, ऊसनोंद व बिले यांसाठी स्वतःची सर्व्हर खोली लागते, आणि जेथे बगॅसवर म्हणजे उसाच्या चोथ्यावर सहवीजनिर्मिती होते, तेथे घरची टर्बाइन ही दुसरी वाट मानण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु गळीत हंगाम साधारणपणे मार्च-एप्रिलपर्यंत संपतो आणि बॉयलर थंडावतात, नेमक्या त्याच वेळी उन्हाळा वाढून वातानुकूलनाचा भार चढू लागतो; शिवाय रॅकने घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडत असल्यामुळे ते थंड राखणाऱ्या यंत्रांनाही राखीव वीज द्यावी लागते. म्हणून अशा ठिकाणी महावितरणच्या पुरवठ्याच्या जोडीला डिझेल जनित्र, आणि जनित्र सुरू होऊन स्थिरावेपर्यंतच्या काळासाठी यूपीएसच्या बॅटऱ्या, हीच बारमाही व्यवस्था धरावी लागते, व टर्बाइनची वीज हंगामापुरती जास्तीची समजावी लागते.